बंद केल्यावर जास्त तापतं!

अठरा. मी मोजले. मामेभावाने होडीच्या मशीनची दोरी अठरा वेळा ओढली आणि मशीन अठराही वेळा फक्त खोकलं. स्थळ देवबाग, कर्ली नदी समुद्राला मिळते तिथला वाळूचा पट्टा, ज्याला सगळे पर्यटक ‘त्सुनामी आयलंड’ म्हणतात. मे महिना, दुपारचे सव्वाबारा. होडीत इचलकरंजीहून आलेलं आठ जणांचं कुटुंब. त्यांच्यातल्या आजींनी पदर डोक्यावर ओढून घेतला होता आणि धाकटा नातू दर झटक्याला मोठ्याने आकडा म्हणत होता. खरं तर मोजलं त्यानेच, मी नुसती त्याच्यामागून मनात म्हणत होते. शेवटी शेजारच्या होडीने दोर टाकून आम्हाला ओढत किनाऱ्याला आणलं. मामेभावाचा चेहरा तेव्हा मशीनपेक्षा जास्त तापलेला होता.

आणि गंमत बघा, तेच मशीन सकाळी साडेसातला, रात्रभर गार पडलेलं असताना, दुसऱ्या झटक्यात चालू झालं होतं!

मी पुण्यात शाळेत विज्ञान शिकवते. बावीस वर्षं झाली. बाष्पीभवन, उष्णतेचं वहन, द्रवाचा उत्कलनबिंदू हे सगळं मी इतक्या वेळा फळ्यावर लिहिलंय की झोपेतही लिहीन. पण हातात पाना मी आयुष्यात कधी धरला नव्हता. दर मे महिन्यात मी मामाकडे देवबागला येते, मासे खाते, आंबे खाते, झोपते. या वर्षी मात्र मी त्या पंधरा अश्वशक्तीच्या, दोन स्ट्रोकच्या, मीठ खाऊन खाऊन रंग उडालेल्या आउटबोर्डच्या, म्हणजे होडीच्या मागे टांगलेल्या मशीनच्या, अशी काही नादी लागले की मामीने मला जेवायला बोलवायचंच सोडून दिलं. ताट झाकून ठेवायची.

तर त्या दिवशी संध्याकाळी मी वही काढली. शिक्षिकेचं दुसरं काय होणार! गेल्या चार दिवसांत मशीन कुठे किती वेळ बंद होतं आणि चालू व्हायला किती झटके लागले, हे मामेभावाला विचारून एकाखाली एक लिहीत गेले. धक्क्यावर माणसं उतरवायला दोन मिनिटं बंद केलं की एका झटक्यात चालू. दुपारी जेवायला दोन तास बंद असलं की तीन झटके, फार तर चार. आणि वाळूवर वीस मिनिटं, अर्धा तास थांबलं की दोर टाकून ओढत आणण्याची वेळ. म्हणजे नुकतंच बंद केलेलं, ऐन तापलेलं मशीन बिनबोभाट चालतं. गार पडलेलंही चालतं. मधल्या वेळेतच त्याला काहीतरी होतं!

हा आकृतिबंध वहीत उमटलेला बघून मला जे वाटलं ते सांगायला शब्द नाहीत. तापल्यामुळे अडत असेल तर दोन मिनिटांनी सगळ्यात जास्त अडायला हवं ना? तेव्हाच तर ते सगळ्यात जास्त तापलेलं असणार!

चूक. साफ चूक. दोन मिनिटांनी ते सगळ्यात जास्त तापलेलं नसतंच.

हे मला मोजून कळलं. मोजायला आधी मी घरातलं करोनाच्या काळातलं कपाळाचं थर्मामीटर घेऊन गेले. ते मशीनवर धरल्यावर पडद्यावर ‘हाय’ एवढंच उमटलं. मला वाटलं, नमस्कार करतंय. मग लक्षात आलं की माणसाच्या तापापलीकडचं त्याला काही वाचताच येत नाही. मालवणात एसी दुरुस्त करणाऱ्या एका ओळखीच्या मुलाकडून मग लांबून तापमान मोजायची खरी बंदूक मागून आणली. तिच्यासोबत त्याने एक शहाणपणही फुकट दिलं. म्हणाला, चकचकीत ॲल्युमिनियमवर ही फसते, कमी दाखवते, आधी काळी चिकटपट्टी लावा आणि त्या पट्टीवर नेम धरा. केवढी छोटी गोष्ट! चकचकीत पृष्ठभाग उष्णता कमी उत्सर्जित करतो हे मी दर वर्षी शिकवते, आणि चिकटपट्टी मात्र मला एसीवाल्याने लावायला शिकवली.

कार्बोरेटरच्या तळाला जी छोटी वाटी असते, ज्यात थोडंसं पेट्रोल साठून राहतं, तिच्यावर मी काळी पट्टी लावली. अर्धा तास होडी फिरवून आलो. बंद केल्या केल्या वाटीचं तापमान ३७ अंश. दुपारच्या हवेपेक्षा जेमतेम जास्त! पाच मिनिटांनी ४४. दहा मिनिटांनी ५०. वीस मिनिटांनी ५५. मी मामेभावाला ओरडून आकडे सांगत होते आणि तो नारळाच्या सावलीत बसून माझ्याकडे असा बघत होता की आत्याला कळवायला हवं.

बंद केल्यावर जास्त तापतं! मशीन बंद केल्यावर!

आता हे असं का होतं ते ऐका, कारण इतकं सुंदर आहे की मी शाळेत जाऊन पहिला तास याच्यावर घेणार आहे. आउटबोर्डला गाडीसारखा रेडिएटर नसतो. खाली पंख्याच्या वरच्या बाजूला एक रबरी पाकळ्यांचं चाक असतं, इम्पेलर. ते समुद्राचं पाणी वर ढकलतं, ते पाणी सिलिंडरांच्या भोवती फिरतं आणि बाहेर पडतं. मागे जी बारीक पाण्याची धार उडताना दिसते ती त्यातलीच. ती धार दिसतेय ना हे होडी चालवणारा तांडेल सारखा मान वळवून बघत असतो, कारण धार थांबली की मशीन गेलं. आत क्षणभर दोन हजार अंशांच्या घरात जाणारा जाळ आणि बाहेरून अखंड समुद्र, या दोघांच्या भांडणात धातू पन्नास-साठ अंशांवर स्थिर राहतो. मोटारीचं इंजिन नव्वदच्या आसपास चालतं. इथे मुद्दाम कमी ठेवतात, कारण पाणी खारं, जास्त तापलं तर मीठ आणि क्षार नळ्यांमध्ये बसायला लागतात.

आणि त्याच वेळी कार्बोरेटरची मजा चाललेली असते. बाहेरची ताजी हवा त्याच्यातून सूं सूं जात असते, पेट्रोलचे थेंब त्या हवेत विरत असतात आणि विरताना उष्णता शोषून घेत असतात. माठातलं पाणी गार होतं तसंच. त्या सगळ्या तापलेल्या पसाऱ्यात कार्बोरेटर ही माठाची जागा आहे!

आता बटण दाबून मशीन बंद करा. इम्पेलर थांबला, वर चढलेलं पाणी क्षणात खाली उतरून गेलं. हवा थांबली. बाष्पीभवनाचा गारवा थांबला. पण सिलिंडरच्या धातूत साठलेली उष्णता कुठे जाणार? वर प्लास्टिकची टोपी घट्ट बसवलेली, त्यामुळे बाहेर जायला वाट नाही. मग ती हळूहळू पसरत जाते आणि जाते नेमकी त्या माठाकडे. पेट्रोलमधले हलके घटक पस्तीस-चाळीस अंशांना उकळायला लागतात. वाटी ५५ अंशांवर! म्हणजे आपण वाळूवर शहाळं पीत उभे असताना टोपीच्या आत पेट्रोलला आधण आलेलं असतं.

मी हे सगळं मामाला धापा टाकत सांगितलं. मामाने बिडी विझवली (पेट्रोलपासून पंधरा पावलं लांब बसून ओढत होता, हे मुद्दाम सांगते) आणि म्हणाला, “गो बाय, माका ठाऊक आसा. पण कशाक ता माका सांगूक येणा नाय.”

माझी हवाच गेली. आणि मग परत भरली, कारण दुसऱ्या दिवशी मामा स्वतः आमच्याबरोबर वाळूवर आला.

वीस मिनिटं झाली. मामेभावाने सवयीप्रमाणे चोक ओढला, दोरी ओढली. खोकला. परत ओढली. मामाने त्याचा हात धरला. “किती पाजलंस रे तेका? आता ता पेटतला कसा?” आणि मग, “पयलो प्लग काढ. ओलो की सुको ता बघ. बाकीचा मगे.”

मी या वाक्यावर फिदा आहे. किती वर्षांचा अनुभव आहे त्यात! मशीन का चालू होत नाही याच्या शंभर शक्यता असतील, पण ठिणगी पाडणारा प्लग हातात घेतला की त्या तिनावर येतात. ओला असेल तर पेट्रोल जास्त झालंय. कोरडा असेल तर पेट्रोल पोचतच नाहीये, नळीत वाफ अडकून बसलीय. आणि प्लग ठीक असूनही ठिणगी नसेल तर दुखणं विजेचं.

दोन्ही प्लग ओले निघाले. नुसते ओले नाहीत, टोकाला थेंब लोंबत होता. मामाने पेट्रोलची नळी मशीनपासून काढली, मनगटाला बांधायची, मशीन बंद पाडणारी लाल दोरी खेचून ठेवली म्हणजे ठिणगीचा प्रश्नच नको, आणि प्लगांच्या रिकाम्या भोकांनिशी पाच-सहा वेळा दोरी ओढायला लावली. भोकांतून धुक्यासारखे फवारे आले! मग तो नुसता बसून राहिला. मी घाई केली तर म्हणाला, वाऱ्याला नेऊ दे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती होडीच्या तळाशी साचते, आणि असल्या वेळी केलेल्या घाईने लोक भाजलेत. फडक्याने प्लग पुसून परत बसवले, नळी जोडली, चोक पूर्ण आत, थ्रॉटल जाईल तितका उघडा. तिसऱ्या झटक्याला मशीन असं गर्जलं की मी दचकून पाण्यात बसले.

चोक! मला इतकी वर्षं वाटायचं की चोक ओढला की जास्त पेट्रोल येतं. नाही हो! चोक पेट्रोलला हातही लावत नाही. तो हवेची वाट बंद करतो, शब्दशः गळा दाबतो, म्हणून आतल्या ओढीने पेट्रोल जास्त खेचलं जातं. गार मशीनला ते हवंच असतं, कारण गारठ्यात पेट्रोलची वाफ नीट होत नाही. पण तापलेल्या मशीनमध्ये वाफच वाफ आहे. आणि हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असेल तेव्हाच ती ठिणगीने पेटते. त्याहून जास्त झाली तरी पेटत नाही! जास्त पेट्रोल म्हणजे जास्त जाळ हे गणितच खोटं. मामाच्या ‘पाजलंस’मध्ये हे साडेसात टक्के होते.

इथे लेख संपायला हवा होता. पण तिसऱ्या दिवशी चोकला कुणी हात लावला नाही, तरी सात झटके लागले. प्लग काढले तर परत ओले. चोक नाही, तर एवढं पेट्रोल आत आलं कुठून? वाटीतलं उकळून उकळून किती येणार, दोन-चार चमचे पेट्रोल असतं तिथे.

त्या रात्री मला झोप लागली नाही. खरंच सांगते. मुलांच्या दहावीच्या निकालाच्या आदल्या रात्री लागली होती.

चौथ्या दिवशी वाळूवर बाकीचे पोहायला गेले आणि मी होडीतच बसले, नुसती बघत. मशीनकडे बघून झालं, नळीकडे बघितलं, हाताने दाबून पेट्रोल पुढे ढकलायच्या मधल्या रबरी बल्बकडे बघितलं. बल्ब दाबून पाहिला तर दगडासारखा. कुणी पंप न करता? मग टाकीकडे बघितलं. लाल प्लास्टिकची चोवीस लिटरची टाकी, भर उन्हात, आणि तिच्या बाजू पुरीसारख्या फुगलेल्या! झाकणावर हवेसाठी एक छोटा स्क्रू असतो. तो मी हळूच सैल केला.

फुस्स्स्…

मी तो आवाज विसरणार नाही. बल्ब माझ्या डोळ्यांदेखत मऊ पडला.

म्हणजे असं होत होतं. टाकी उन्हात तापत होती, आतली वाफ फुगत होती, स्क्रू बंद म्हणून तिला बाहेर जायला जागा नव्हती. मग ती पेट्रोललाच ढकलत होती. नळीतून, बल्बमधून, पंपातून सगळ्या झडपा पुढच्याच दिशेने उघडणाऱ्या, थेट कार्बोरेटरच्या वाटीपर्यंत. वाटीच्या तोंडाशी एक सुई असते, पेट्रोल पुरेसं झालं की तरंगता फ्लोट तिला दाबून वाट बंद करतो. आपल्या गच्चीवरच्या टाकीत बॉल कॉक असतो तोच. पण एवढा दाब आला की ती सुई बिचारी काय करणार? वीस मिनिटं पेट्रोल थेंब थेंब आत झिरपत होतं. मशीन चालू असताना हा दाब येत नाही, कारण तेव्हा तो स्क्रू उघडा ठेवावाच लागतो, नाहीतर टाकीत पोकळी होऊन पेट्रोल यायचं थांबतं. थांबल्यावरच तो बंद व्हायचा.

आणि थांबल्यावर तो बंद कोण करायला लावत होतं? मी! मी आले त्या पहिल्याच दिवशी पेट्रोलच्या वासाने मला मळमळलं, म्हणून मीच मामेभावाला म्हटलं होतं की होडी थांबली की ते झाकण नीट बंद कर बाबा. तो बिचारा आज्ञाधारक. वहीतली तारीख पाहिली. मी येण्याआधी मशीन रुसायचं, पण चार-पाच झटक्यांत निघायचं. अठरा झटके माझ्या आगमनानंतरचे.

दुपारी आम्ही मशीन गार असताना प्रयोग केला. कार्बोरेटरखाली पांढरा टिश्यू पेपर पसरला, टाकी उन्हात ठेवली. स्क्रू बंद ठेवून अर्ध्या तासाने बघितलं तर कागदावर रुपयाएवढा ओला डाग, कडेला दोन स्ट्रोकच्या ऑइलची निळसर झाक. कागद बदलला, स्क्रू उघडा ठेवला. अर्धा तास. कागद कोरडा! मामेभावाने सुई काढून दाखवली तर तिच्या रबरी टोकावर वर्षानुवर्षं एकाच जागी टेकून गोल खाच पडली होती. भिंगाशिवाय दिसत होती. नवी सुई मालवणात मिळाली.

एक आडवळण घेते, राहवत नाही. आउटबोर्ड लोकप्रिय करणारा ओले एविनरूड हा नॉर्वेत जन्मलेला, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये वाढलेला माणूस. त्याला ही कल्पना सुचली त्याची गोष्ट अशी सांगतात की ऑगस्टच्या उकाड्यात तो तळ्यापलीकडून मैत्रिणीसाठी वल्ही मारत आइस्क्रीम आणत होता आणि पोचेपर्यंत ते वितळलं. १९०९ साली त्याचं मशीन बाजारात आलं. म्हणजे या यंत्राचं उन्हाशी भांडण जन्मापासूनचं!

कोरड्या प्लगचा आणि नसलेल्या ठिणगीचा अनुभव मला शेजारच्या होड्यांनी दिला, कारण तोवर वाडीत बातमी पसरली होती की पुण्याची बाई मशीन बघते. एकाचा प्लग कोरडा होता. बल्ब कडक होईपर्यंत दाबला, नळीतली वाफ पुढे ढकलली गेली, चालू. एकाकडे तापल्यावर ठिणगीच येत नव्हती. त्याची ठिणगी देणारी कॉइल गार असताना मीटरवर ठीक आणि तापल्यावर आकडा कुठल्या कुठे. तांब्याचा रोध अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो हे धरूनही तो जास्तच होता. आतली बारीक तार तुटलेली, धातू फुगला की टोकं दूर जायची. ती बदलावीच लागली, तिथे माझ्या वहीचा उपयोग नव्हता. आणि एका ट्रॉलरचा तांडेल आला होता, त्याला मामाने हात जोडून परत पाठवलं. डिझेलचं दुखणं वेगळं असतं. तिथे पेट्रोलसारखी वाफ अडत नाही. तापून पातळ झालेलं डिझेल झिजलेल्या पंपाच्या आतच गळतं आणि दोन-चार फेऱ्यांत पुरेसा दाब येत नाही.

पाचव्या दिवशी वाळूवर पूर्ण पंचवीस मिनिटं थांबलो. पोचल्याबरोबर नळी मशीनपासून काढली, स्क्रू उघडा, टाकीवर ओलं गोणपाट, मशीनची टोपी काढून वाऱ्याला उघडं. निघताना टोपी बसवली, नळी जोडली, चोकला हात नाही, थ्रॉटल निम्म्याच्या वर. पहिला झटका, हूं. दुसरा झटका, चालू! होडीत त्या दिवशी साताऱ्याची मंडळी होती. मी एकटीच टाळ्या वाजवत होते आणि ती मंडळी माझ्याकडे बघून आपापली लाइफ जॅकेटं नीट आवळून घेत होती.

तुमच्याकडे असं मशीन असेल तर आज एवढंच करा. थांबल्यावर टाकीला हात लावून बघा, फुगलीय का. बंद स्क्रू उघडायचा तो हळू, आणि जवळ कुणी बिडी-सिगरेट ओढत नाही ना ते आधी बघून. टाकी मशीनपासून सोडवून घरी न्यायची असेल तेव्हाच तो स्क्रू बंद करायचा.

मेच्या शेवटी पर्यटकांच्या होड्या बंद झाल्या. मशीन गोड्या पाण्याने धुऊन, वाटीतलं पेट्रोल काढून मामाच्या पडवीत ठेवलंय. निघताना पाहिलं तर टाकीच्या झाकणावर त्याने लाल ऑइलपेंटने लिहिलं होतं, ‘होडयेत स्क्रू उघडो ठेवचो’. खाली बारीक अक्षरात माझं नाव होतं, आणि त्याच्यापुढे ‘हिचा ऐकूचा नाय’.